शटर खाली असेपर्यंत

ब्रश शटरवर टेकलेला असतानाच शटर धाडकन वर गेलं आणि निळी रेघ थेट आतल्या तरुणाच्या नाकावर उमटली.

"अहो! माझं चित्र!" ती ओरडली.

"माझं नाक!" तो म्हणाला.

चूक तिचीच. कला विभागातल्या प्रत्येकाला शेवटच्या वर्षी विद्यापीठामागच्या गल्लीत एक चित्र काढायचं होतं. ती बाईसाहेबांच्या थाटात सुट्टीच्या दिवशी जागा बघून गेली, शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानाचं शटर पसंत केलं. दुकान उघडलं की चित्र गुंडाळलं जाणार, हे मात्र तिच्या हुशार डोक्यात आलंच नाही!

"मालकांनी हो म्हटलंय," ती जरा गुर्मीतच म्हणाली.

"ते माझे मामा. ते सगळ्यांनाच हो म्हणतात. दुकान नऊला उघडतं, मी मागच्या दाराने येतो."

"मग मी सातला येईन."

ती सातला येऊ लागली आणि तो पावणेसातला. शटरवर एक भलंमोठं मशीन आकार घेऊ लागलं.

"सुईत दोरा ओवायचा राहिलाय," तो मागे उभा राहून सांगे.

"तुला काम नाही वाटतं?"

"हेच तर बघतोय... काम."

हळूहळू दुकान साडेनऊला उघडायला लागलं, मग दहाला. मामा कावले. "गिऱ्हाइकं माझ्या नावाने खडे फोडतायत! आणि जीव कशाला लावतोस रे? ही विद्यापीठाची मंडळी येतात, रंगवतात, फोटो काढले की गेली. परत फिरकलंय का कुणी?"

तिने ऐकलं. बोचलं, कारण खरं होतं. शेजारच्या भिंतीवरच्या जुन्या चित्राचे पोपडे निघाले होते आणि ते काढणाऱ्याचं नावही कुणाला आठवत नव्हतं.

परीक्षकांनी वेळ दिली सकाळी अकराची, ऐन गर्दीची! तेव्हा दुकान उघडं आणि चित्र गुंडाळलेलं. तिची पदवी याच गुणांवर अडली होती.

"ठेवतो बंद," तो म्हणाला. "मी आत दिवा लावून काम करीन."

अकराला दोन परीक्षक शटरसमोर उभे राहिले. तेवढ्यात आतली टकटक थांबली.

"ऐकतेस ना?" शटरमागून आवाज आला. "परीक्षक यायच्या आत सांगून टाकतो... तोंडावर नाही जमणार. आज तुझं काम संपलं की तू जाशील. हे शटर वर करायचं माझ्या जिवावर आलंय. मला तू — फार आवडतेस गं."

ती कानापर्यंत लाल. थोरल्या परीक्षकांनी उगाच चष्मा पुसला.

"चित्र छान आहे. प्रश्न एकच. प्रकल्प संपल्यावर तुमचं आणि या गल्लीचं काय?"

पाठ केलेलं उत्तर ती साफ विसरली. ती वाकली आणि तिने शटर वर ढकललं. दोन महिन्यांची मेहनत खडखडत गुंडाळली गेली. आत तो — हातात स्क्रू ड्रायव्हर, तोंड उघडं.

"सर, चित्र आता दुकान बंद झाल्यावरच दिसेल," ती म्हणाली. "रंग उडाला की मीच नवा देणार. दरवर्षी." मग त्याच्याकडे वळून, "आणि मलाही तू आवडतोस. फार!"

परीक्षकांनी काय लिहिलं, ते तिने पाहिलंच नाही.

"अहो, उद्या दुकान उघडायचं तरी किती वाजता?" मागच्या दाराने आत आलेल्या मामांनी कपाळाला हात लावून विचारलं.

"नऊला, मामा," ती म्हणाली. "बाहेरचं काम झालंय माझं. आता मी आत येऊन बसेन."