व्हेनेराचा कागद

लेंतिनी या संत्र्यांच्या बागांच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे आणि मला संत्र्यांच्या कागदांचा नाद आहे. पूर्वी आमचे बागवाले आपापलं चित्र छापलेल्या पातळ कागदात संत्री गुंडाळून परदेशी पाठवायचे. ते कागद मी मिळवतो, हलकी इस्त्री फिरवून सपाट करतो. सभ्य नाद आहे, असं मी समजत होतो.

आग्रिपीना मावशींना इंजेक्शन द्यायला मी रोज जायचो. त्यांच्या काचेच्या कपाटात एक संत्रं होतं. वाळून दगड झालेलं, पण कागदासकट. कागदावर त्यांच्या धाकट्या बहिणीचा चेहरा. व्हेनेरा ऐन तारुण्यात तापाने गेली, तेव्हा बागवाल्या वडिलांनी बाकीचे कागद जाळून टाकले. उरला तो हा एकच.

"औषधवाल्या, सुई माझ्या दंडात आणि डोळे कपाटात!"

"विकता का, मावशी?"

"मेल्या, मग ती येईल कशाला?"

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमच्याकडे मेलेली माणसं घरी येऊन जातात. व्हेनेरा पहाटे येते, संत्रं सोलते, अर्धं खाते आणि अर्धं बहिणीसाठी कागदात ठेवते, पांढऱ्या शिरा काढून. मावशींना शिरा आवडत नाहीत. वर्षातून तेवढीच त्यांची भेट.

"मग हे आख्खं कसं?"

"होतं पुन्हा आख्खं. तुला काय करायचंय?"

मी हसलो. ऑक्टोबर संपता संपता, त्या कॉफी करायला वळल्या तेव्हा मी कागद बदलला. माझ्याकडचा ढिगाने मिळणारा सिंहाचा कागद संत्र्याला गुंडाळून ठेवला. त्यांच्या डोळ्यांचे थेंब मीच द्यायचो. त्यांना किती दिसतं, ते मला बरोबर ठाऊक होतं.

घरी मी एकटाच. इस्त्री करून कागद जाड शब्दकोशाखाली ठेवला. सकाळी तो कोशाबाहेर होता, आणि गोल. आत काही नसताना गोल. हवा दमट आहे, म्हटलं. रोज इस्त्री केली. रोज तो गोल व्हायचा.

दोन तारखेला सकाळी कागद टेबलावर उघडा पडला होता. त्यात अर्ध्या संत्र्याच्या फोडी होत्या, आमच्याकडच्या संत्र्यांसारख्या आतून लालभडक, ताज्या. एकीलाही शीर नव्हती.

मी तसाच कागद उचलून धावलो.

मावशी रिकाम्या बशीपुढे बसल्या होत्या. नवा झगा घातलेला, केस विंचरलेले.

"आली नाही रे. माझं काही चुकलं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुमचं नाही, मावशी. माझं चुकलं." फोडी बशीत ठेवल्या. कागदही दिला.

त्यांनी बोटांनी चेहरा चाचपला. शिव्या देतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या फोडींचा वास घेत राहिल्या.

"आणि तिचं अर्धं?"

"एवढंच होतं."

"ती समोर बसून खाते, सिरिनो. तिचं अर्धं संपेपर्यंत उठत नाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "आज कुणासमोर बसली?"

मी घरी आलो.

टेबलाची खुर्ची माझ्या पलंगापाशी होती, उशीकडे तोंड करून.

खाली फरशीवर बियांची लहानशी रास होती. मी पाहत होतो, तेवढ्यात तिच्यात आणखी एक बी पडली.