हसून दाखवा

लिफ्टच्या आरशात बघून ती गाल फुगवत होती, भुवया उडवत होती, आणि नेमकं तेव्हाच दार उघडलं. पांढऱ्या कोटातला तरुण डॉक्टर आत आला.

"थांबू नका," तो म्हणाला. "शिट्टी राहिली अजून."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. वर जाऊन बघते तर काय, तिचं ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचा मदतनीस हाच.

तिच्या कानापुढची गाठ साधीच होती. कानामागे, केसांत लपेल एवढी चीर देऊन दुर्बिणीतून काढायची. पण चेहरा हलवणारी नस त्या गाठीला चिकटूनच होती. आणि ती बालवाडीच्या बाई. वाघ, म्हातारी, रुसलेला ढग, सगळे तिच्याच तोंडावर राहायचे. तोंड वाकडं झालं तर मुलांसमोर उभं कसं राहायचं?

गाठ निघाली. ओठाचा डावा कोपरा मात्र हलेना.

"नस रुसलीय. येईल परत," तो म्हणाला, आणि रोज सकाळी हजर. "डोळे मिटा. गाल फुगवा. शिट्टी वाजवा. आता... हसून दाखवा."

ती हसायची. तो बघत राहायचा – जरा जास्तच वेळ. नस बघतोय की मला? आता हे विचारायचं तरी कुणाला?

"इतकं काय बघायचं असतं हो?"

"कोपरा," तो म्हणाला, आणि त्याचेच कान लाल झाले.

घरी गेल्यावरही तपासणीसाठी हॉस्पिटलात फेऱ्या चालूच होत्या.

"तपासणीला काजळ कशाला गं?" आईने विचारलं.

"डोळे नीट मिटतात का बघतात ना."

"हो का," आई म्हणाली.

आणि एके दिवशी तो खाली बघत म्हणाला, "पुढच्या वेळी दुसऱ्या मॅडम तपासतील तुम्हाला. मीच सांगितलंय तसं."

म्हणजे सगळे आपल्याच मनाचे खेळ. घरी येऊन ती उशीत तोंड खुपसून रडली.

पुढच्या वेळी मॅडमनी तपासलं. नस ठणठणीत. ती बाहेर आली, तर तो बाकावर बसलेला, अंगात कोट नाही.

"स्वतःच्या पेशंटला कॉफीला विचारता येत नाही," तो चाचरत म्हणाला. "म्हणून... तुम्हाला त्यांच्याकडे सोपवलं."

"मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं? मी इथे..."

राग होता, रडू होतं, आणखीही काहीतरी होतं. सगळं एकदमच चेहऱ्यावर आलं, डाव्या कोपऱ्यासकट.

"आज मी हसायला सांगितलेलं नाही," तो हळूच म्हणाला.

"माहितीय," ती म्हणाली.