चाळिसावा

"खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसलो. चालतंय न्हवं?"

पाटोद्याच्या कॉलेजात टेबल मांडून मी सकाळपासून प्रयोगासाठी माणसं गोळा करत होते. चाळीस बायका मिळाल्या होत्या, पुरुष मात्र एकोणचाळीसवर अडलेले. हा बोअरची मोटार दुरुस्त करायला आला होता. हाताला ग्रीस, डोळ्यांखाली काळं. नाव सोमेश्वर.

"बसा. पण काम करावं लागेल," मी म्हणाले. "या रेषांचा मध्य नुसत्या नजरेनं शोधायचा."

त्यानं मन लावून खुणा केल्या. "याच्यानं काय कळतं?"

"लक्ष मेंदूचा कुठला भाग सांभाळतो ते. पुरुषांचं एकाच बाजूकडे, बायकांचं दोन्हींकडे वाटलेलं, असं काही जण म्हणतात. खरं आहे का, तेच बघतेय."

"बायकांचं दोन्हीकडं लक्ष... मग जपूनच ऱ्हावं लागंल!"

मला हसू आलं. एसटीचे धक्के, गाईडचे फोन, रखडलेला प्रबंध... किती दिवसांत हसलेच नव्हते.

उठता उठता तो घुटमळला. "एक इचारू? लकवा झाल्यापासून आई ताटातलं उजवीकडचंच खाती. डावीकडची भाजी तशीच. कावून करती असं?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. त्याच्या आईनं, वत्सलाबाईंनी, रेषेच्या पार उजव्या टोकाला खूण केली आणि समाधानानं म्हणाल्या, "हे बघ पोरी, मधोमध."

सोमेश्वरला मी बाहेर घेऊन आले. "हट्ट नाही हो त्यांचा. मेंदूची उजवी बाजू दुखावलीय, म्हणून डावीकडे लक्षच जात नाही. त्यांच्यासाठी तिकडे काही नाहीच."

तो भिंतीला टेकला. "काल वरडलो मी तिच्यावर... अन्न टाकती म्हणून."

डोळे भरले होते, पण पुसायलाही त्यानं हात उचलला नाही. इतका थकलेला माणूस मी आरशातच पाहिला होता.

डॉक्टरांना विचारून आम्ही ताटाच्या डाव्या काठाला लाल पट्टी लावली. बोट धरून त्यांची नजर तिकडे न्यायची. मी दर रविवारी जाऊ लागले.

"रविवारीच येता," एकदा चहा देताना तो म्हणाला. "बाकी सहा दिवस माझं कशातच लक्ष न्हाई."

"लिहू का प्रबंधात?"

"लिहा की. चाळिसावा गडी बिघडला म्हणून."

मी कपात बघत राहिले...

मग निकाल आला. बायका आणि पुरुष— काही फरक नाही. गाईड म्हणाले, यात नवीन काय? मी तशीच पाटोद्याला आले आणि त्याच्या ओट्यावर बसले.

"चार जणांचे कागद वगळले असते तर फरक दिसला असता," मी म्हणाले. "त्यात तुमचाही होता."

"मग?"

"नाही वगळले. तीन वर्षं गेली, आता खोटं लिहायचं का?"

आत आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

"दीपमाला," त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं. "तुमी मला लई आवडता. आईसाठी येता, ते ठीक हाय. पन माझ्यासाठी... याल का?"

अंगात त्राण नव्हतं. लाजायचंही नाही.

"आज नुसतं हो म्हणते," मी म्हणाले. "बाकीचं उद्या बोलू."

आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. तो शेजारी बसून राहिला.