बेचाळीस मिनिटे

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ताईने आईचा प्लेअर माझ्या टेबलावर ठेवला. चष्म्याच्या जुन्या डबीत तो बरोबर मावला होता. काडेपेटीहून थोडा मोठा, करडा, एका कोपऱ्यावरचा रंग अंगठ्याने झिजवलेला. सोबत तिने नवी वायर आणली होती.

"बारक्या, एवढं चालू करून दे," ती म्हणाली. "गुरुवारी माझं ऑपरेशन."

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तिची तीस वर्षे गेली, त्यामुळे बोलणे मोजके. उजवा कान गेल्या वर्षीच गेला होता. डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती. गाठ काढली की ऐकू येणे कायमचे बंद होणार, हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितले होते.

"बाकी सगळं ऐकून झालंय माझं," ती म्हणाली. "शेजाऱ्यांची भांडणं, तुझी थापेबाजी, सगळं. आईचं तेवढं राहिलंय."

अकरा वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली तेव्हा ताई नोकरीमुळे दूर होती. तिनेच गाणी भरून हा प्लेअर आईला पाठवला होता. त्यात आवाज रेकॉर्ड करण्याचे बटण होते. आईने तिला फोनवर सांगितले होते, "तू येईपर्यंत माझं काही खरं नाही. तुझ्यासाठी त्यात बोलून ठेवलंय." ताई पोहोचली ती आई गेल्यानंतर पाच तासांनी. पुढे तिने फोनवर प्लेअरबद्दल विचारले तेव्हा मी म्हणालो, "कॉम्प्युटर त्याला ओळखतच नाही. बिघडलाय."

मी तो कॉम्प्युटरला लावलाच नव्हता.

खरी हकिकत अशी. मी वर्तमानपत्रात वार्ताहर होतो. एका कारखान्यात स्फोट झाला होता. चार वाजता अधिकाऱ्यांची पत्रकार परिषद, सात वाजता मजकूर द्यायचा, आणि माझा रेकॉर्डर बंद पडलेला. वाटेत घरी डोकावलो. आई झोपली होती. तिच्या उशीखालचा प्लेअर मी काढून घेतला. परिषदेत बटण दाबले तर जागा शिल्लक नव्हती. एकेक फाईल तपासायला वेळ नव्हता. मी सगळे पुसून टाकायचा आदेश दिला. प्लेअरने पुन्हा एकदा विचारले. मी पुन्हा हो म्हटले. मग बेचाळीस मिनिटे रेकॉर्ड केली. त्यातली दोन वाक्ये छापून आली.

घरी परतल्यावर प्लेअर उशीखाली सरकवला आणि खोलीच्या दारात बूट काढायला बसलो. पाठीमागून त्या छोट्या स्पीकरमधून अधिकाऱ्याचा आवाज आला. मग थांबला.

"हा कुणी घेतला होता का रे?" आईने विचारले.

"नाही."

"तोंड इकडे करून बोल."

लहानपणी मी खोटे बोललो की आई हेच म्हणायची. मी वळायचो आणि पकडला जायचो. त्या दिवशी मी वळलो नाही, नाडीची गाठ सोडवत राहिलो. नवव्या दिवशी आई गेली.

हे आईला आणि मला सोडून कोणालाही ठाऊक नव्हते.

तर रविवारी ताई शेजारी खुर्ची ओढून बसली आणि मी प्लेअर लावला. कॉम्प्युटरने जोडणी झाल्याचा आवाज केला, लगेच तुटल्याचा आवाज केला आणि पडद्यावर ओळ आली: उपकरण ओळखता आले नाही. अकरा वर्षांपूर्वी मी मनाने रचलेले वाक्य समोर अक्षरशः उमटले होते.

मला सुटल्यासारखे वाटले. तसे वाटल्याची लाजही त्याच क्षणी वाटली.

मग मी प्रयत्नांचे नाटक केले. वायर बदलली. पुढचा पोर्ट सोडून मागचा घेतला. टाचणीने रिसेट दाबले. कापसाला स्पिरिट लावून प्लेअरचे तोंड पुसले. प्रत्येक वेळी जोडल्याचा आवाज, तुटल्याचा आवाज, तीच ओळ. ताई डावा कान पडद्याकडे करून बसली होती, जणू आतून काही ऐकू येईल.

"तुला बातमी जोडता येते, वायर नाही," ती म्हणाली. "दुरुस्तीवाल्याकडे ने. आणि उद्याच ने. तुझा उद्या मला माहीत आहे."

सोमवारी नेला. दुरुस्तीवाल्याचे दुकान जिन्याखाली होते. बसायला एक स्टूल, बाकी सगळीकडे उघडी पडलेली यंत्रे. त्याने प्लेअर उघडला. बॅटरी फुगून पावासारखी झाली होती. चिमट्याने काढून त्याने ती वाळूच्या डब्यात टाकली. या मॉडेलची नवी बॅटरी मिळत नाही, म्हणाला, पण वायरीवर चालून जाईल. वायर जोडली. तोच आवाज, तीच ओळ.

मला फोन आला म्हणून मी रस्त्यावर गेलो. परतलो तेव्हा त्याच्या पडद्यावर प्लेअरचे चित्र दिसत होते. मी उंबरठ्यात पाऊल टाकले आणि चित्र गेले.

"आत्ता होतं," तो म्हणाला. "जरा बाहेर जा बघू."

मी गेलो. चित्र आले. आत आलो. गेले. आम्ही हे चार वेळा केले. पायातले बूट काढून पाहिले, खिशातला मोबाईल बाहेर ठेवून पाहिला.

"साहेब, बायकोशी भांडून आलात काय?" तो हसला. "केवढा करंट आहे तुमच्यात!" पाचव्या वेळी तो हसला नाही.

"त्यात आहे काय?" मी रस्त्यावरूनच विचारले.

"एकच फाईल. बेचाळीस मिनिटांची."

म्हणजे अधिकारी. ताई एवढी वर्षे जे जपत आली होती, त्याच्या जागी माझी पत्रकार परिषद निघणार होती. आता सांगावेच लागणार, असे मी मनाशी ठरवत होतो. तेवढ्यात त्याने हेडफोन कानाला लावले. काचेतून मला त्याचा चेहरा दिसत होता. थोडा वेळ त्याने ऐकले. मग मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि हेडफोन हळूच खाली ठेवले.

"बाई बोलतायत कुणी," प्लेअर माझ्या हातात देताना तो म्हणाला. "ताईंसाठी आहे ते, त्यांना नेऊन द्या. मी ऐकायला नको होतं."

मधल्या नऊ दिवसांत आईने पुन्हा रेकॉर्ड केले असेल. मी हा खुलासा घट्ट धरून ठेवला. बरोबर बेचाळीस मिनिटे का, याला तो पुरत नव्हता.

बुधवारी दुपारी ताईच्या घरी गेलो. मी जवळ असलो की चालत नाही, एवढेच तिला सांगितले. तिने कारण विचारले नाही. मी बाहेर जिन्यावर बसलो, तिने दार लावून घेतले.

मग दाराआडून ताईचा आवाज आला.

"हो."

थोड्या वेळाने, "नाही गं. मला कधीच काही बोलला नाही."

मग, "बाहेरच बसलाय."

बेचाळीस मिनिटांनी दार उघडले. तिचे डोळे लाल होते, चेहरा मात्र स्वस्थ.

"काय म्हणाली?" मी विचारले.

"तुला मला काही सांगायचंय का रे?"

"नाही," मी म्हणालो. मी खाली वाकून बूट घालत होतो.

"बघ हं. उद्यानंतर लिहून द्यावं लागेल. आणि तू तर पाल्हाळ लावतोस."

गुरुवारी ऑपरेशन झाले. गाठ निघाली. ऐकू येणे गेले.

त्यानंतर दहाव्या दिवशी, रविवारी, मी तिला भेटायला गेलो. भाचीने दार उघडले आणि ती औषधे आणायला खाली गेली. ताई पलंगावर बसली होती. डोक्याला पट्टी, पट्टीवरून हेडफोन. त्यांची वायर मांडीवरच्या प्लेअरला जोडलेली. प्लेअर कशालाही जोडलेला नव्हता. बॅटरी दुरुस्तीवाल्याच्या वाळूत होती.

तिने मला पाहून हात हलवला. हेडफोन काढले नाहीत.

मी खिडकीपाशी गेलो आणि तिच्याकडे पाठ केली. ओठ दिसू नयेत म्हणून. मग सगळे सांगितले. उशीखालचा प्लेअर, पत्रकार परिषद, पुसलेल्या फाईल, फोनवरची थाप. तिला ऐकू येणार नव्हते म्हणूनच मी तो दिवस निवडला होता. आजवर मी बरेच काही छापले आहे; यापेक्षा हीन काही केल्याचे आठवत नाही.

शेवटचे वाक्य संपले. काचेत तिचे प्रतिबिंब नव्हते, पडदा मध्ये होता.

"बारक्या," ताई म्हणाली. ऐकू न येणारी माणसे बोलतात तशी, जरा मोठ्याने.

मी थांबलो.

"आई म्हणते, तोंड इकडे करून बोल."

मी वळलो नाही. भिंतीच्या कडेने दाराशी गेलो आणि जिना उतरलो.

आज बुधवार. तीन दिवस ताईच्या घरून मला फोन येतो, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. भाची त्या वेळी कामावर असते. मी विचारून घेतले. उचलल्यावर पलीकडून कोणी बोलत नाही. मी बोलण्याची कोणीतरी वाट पाहत राहते. काल मी घड्याळ लावून पाहिले. बेचाळीस मिनिटांनी फोन ठेवला गेला.