उन्हाळ्यासाठी ठेवलेला बर्फ

एका हिवाळ्यापुरती आलेली दातांची डॉक्टर तुयारा आमच्या गावात कायमची राहिली तर सगळ्यात मोठा फायदा वारवारा सेम्योनोव्नाचा होता, हे आधीच सांगून ठेवते. वारवारा आमच्या जिल्ह्याची प्रमुख. जिल्हा एवढा मोठा, की एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत शिळी होते. आणि माणसं एवढी थोडी, की ती बातमी कोणाची असणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. अशा ठिकाणी दातांची डॉक्टर टिकवून दाखवली, तर प्रमुखबाईंची खुर्ची पक्की. शिवाय त्यांची स्वतःची डावीकडची दाढ होतीच.

माझा फायदा किरकोळ. मी गावची पावभट्टी चालवते. मला एक गिऱ्हाईक वाढणार होतं. आणि तुयाराचं घर माझ्या खिडकीसमोर, म्हणजे हिवाळ्यात बघायला काहीतरी.

मिचीलला काय मिळणार, हे मात्र कोणी विचारलंच नाही.

मिचील नदीवरचा बर्फाचा रस्ता सांभाळतो. भोकं पाडून बर्फाची जाडी बघायची, लाल झेंड्या रोवायच्या, कोणती गाडी जाईल आणि कोणती नाही ते ठरवायचं. नावाचा अर्थ हसू, आणि चेहरा असा, की हसू कुठेतरी गोठवून ठेवलंय. नोव्हेंबरात नदी नुकतीच गोठली होती, हवेत बर्फाची बारीक चमचम तरंगत होती, तेव्हा पलीकडच्या काठावर याकुत्स्कहून आलेली एक गाडी थांबली. मिचीलनं खिडकीवर टकटक केली. काच खाली आली — आणि पापण्यांवर दव गोठलेले दोन डोळे दिसले.

"सीटचा पट्टा काढा," तो म्हणाला.

"कायद्यानं पट्टा लावायचा असतो."

"कायद्याला पोहता येत नाही."

ती हसली. "आणि तुम्हाला येतं?"

"या पाण्यात? कोणालाच नाही. म्हणून तर नीट मोजतो... बर्फ फुटलाच तर बाहेर पडायला दारही थोडं उघडं ठेवा."

"थंडी वाजेल की!"

"बोलत राहा, म्हणजे कळणार नाही."

"काय बोलू?"

"दातांचं सोडून काहीही."

म्हणजे ती कोण, हे त्याला आधीच माहीत होतं. अर्थात, आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. पण झेंड्यांमधून तो स्वतः गाडीपुढे चालत आला, असं त्यानं त्याआधी कोणासाठी केलेलं मला आठवत नाही.

त्याच आठवड्यात गावानं प्यायच्या पाण्याचा बर्फ कापला. तुयाराच्या वाटणीच्या लाद्या मिचीलनं घसरगाडीवर ओढून आणल्या. काचेसारख्या निळ्या, एकही बुडबुडा नसलेल्या. तिच्या भिंतीला त्या अशा रचल्या, की दुपारचा एवढासा सूर्य त्यांतून गाळून तिच्या खिडकीत उतरावा. आत टेबलावर निळा उजेड हलायचा. मग आणखी एक फेरी. मग आणखी.

मी दारातून ओरडले, "अरे, एकट्या बाईला एवढा? आंघोळीला टाकी भरतोयस का?"

"डॉक्टर चहा फार पितात," तो म्हणाला, आणि टोपी कानांवर ओढून घेतली.

आमच्याकडे कडाक्याच्या थंडीत गाडीचं इंजिन कोणी बंद करत नाही. बंद केलं तर ते वसंतातच सुरू व्हायचं. त्यामुळे कोणाची गाडी कोणाच्या दारात किती वेळ उभी आहे, हे धुक्यातूनही सगळ्या गल्लीला ऐकू येतं. मिचीलची गाडी खोकल्यासारखी गुरगुरते. डिसेंबरात ती तुयाराच्या दाराशी गुरगुरू लागली. आज धुराडं बघायला, उद्या दाराची फट बुजवायला. आत ती चहा ओतायची, तो गोठलेल्या माशाचे पातळ काप काढायचा. बाहेर श्वास गोठून कानाशी किणकिणायचा, आणि त्या किणकिणाटात गुरगुर... गुरगुर...

"धुराडं बरं झालं का गं?" मी विचारायचे.

"अजून खोकतंय, आगाफ्या मावशी," ती गालात हसून म्हणायची.

नववर्षाला वारवारानं मिचीलला माझ्या भट्टीत गाठलं. "हे बघ, गाडी तुझी, दार तिचं. तिला इथून हलू द्यायचं नाही. गावासाठी एवढं कर." तो काहीतरी पुटपुटला. वारवाराला तो होकार वाटला. मला तसा वाटला नाही, पण पाव जळत होते.

मार्चमध्ये छपरांवरून पाणी टपकायला लागलं. एकदा मी गरम पोळ्या घेऊन गेले, तर दोघं दारात उभे, उन्हाकडे तोंड करून.

"रस्ता बंद व्हायच्या आत मी निघेन," तुयारा म्हणत होती. "शहरातल्या दवाखान्यात जागा राखून ठेवलीय माझ्यासाठी. वेळेवर गेले नाही, तर दुसऱ्या कोणाला देतील."

"बंद व्हायच्या आधी सांगेन."

"एवढंच... सांगाल?"

तो झेंड्यांच्या काठ्यांकडे बघत राहिला. "झेंड्याही वाकल्यात. सरळ करायला हव्यात," म्हणाला, आणि गेला. काय म्हणावं अशा माणसाला!

मग एप्रिलात वारवाराची दाढ भरून झाली, आणि दुखणं थांबल्याच्या आनंदात तिचं तोंड सुटलं. "मी मिचीलला बजावलंच होतं, ही पोरगी हातची जाऊ द्यायची नाही म्हणून! गुणी पोरगा. सांगितलेलं काम करतो."

त्या संध्याकाळी गाडी गुरगुरत आली, तेव्हा तुयारानं चहा ओतला नाही. दार उघडंच होतं. मी पायरीवर पावाची पिशवी घेऊन उभी.

"तुम्हाला गावानं पाठवलं होतं?"

"सांगितलं होतं. पण मी त्यासाठी आलो नाही."

"मग कशासाठी?"

मिचीलनं टोपी हातात फिरवली. शेवटी म्हणाला, "उद्या सकाळी रस्ता शेवटचा. मी नेईन तुम्हाला."

तो बाहेर पडतो तोच वारवारा समोर. "आजच बर्फाच्या रस्त्याचं फाटक लाव! बर्फ फुटून होड्या सुरू होईपर्यंत ती इथेच अडकेल. तेवढ्यात राग जाईल तिचा."

"बर्फ अजून पेलतोय, वारवारा सेम्योनोव्ना. आज खोटं बंद म्हटलं, तर उद्या मी खरं उघडं म्हटल्यावर बर्फावर कोण पाय ठेवेल?"

"आणि ती गेली तर?"

"तर गेली," तो म्हणाला. पण आवाज असा, की वारवारासुद्धा वाट सोडून बाजूला झाली.

सकाळी तुयारा मला मांस परत द्यायला निघाली. लोकांनी प्रेमानं दिलेलं, संपणार नाही एवढं, त्यांनीच तिच्या तळघरात टाकलेलं; ती स्वतः खाली कधी उतरलीच नव्हती. ती कंदील घेऊन खाली उतरली, आणि बराच वेळ वर आलीच नाही. मी खाली गेले. ती बर्फाच्या निळ्या भिंतीपुढे उभी होती. लाद्यांवर वाळलेलं गवत नीट दाबून बसवलेलं.

"मावशी, हे कोणाचं?"

"तुझ्या घरात दुसऱ्या कोणाचं असणार? उन्हाळ्याचं पाणी. इथली जमीन खाली बारमाही गोठलेली, तळघरात बर्फ वितळत नाही."

"पण मी तर उन्हाळ्यात..." ती थांबली. "हे कधी ठेवलं?"

"बर्फ कापतात तेव्हाच. नोव्हेंबरात. नंतर तो एवढा जाड होतो, की करवत पोचत नाही."

"आणि वारवारानं त्याला सांगितलं..."

"नववर्षाला. माझ्यासमोर."

तिनं हातमोजा काढला आणि एका लादीवर तळवा ठेवला. बर्फ चटका देतो. तिनं हात उचलला नाही.

पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, आणि दोन्ही जुळलं, म्हणून लिहिते. गाडी बर्फावर उतरली. तुयारानं न सांगता पट्टा काढला, दार थोडं उघडलं. चाकांखाली पाण्याची पातळ साय चमकत होती, जणू आभाळावरूनच गाडी चाललीय.

"बोलत राहा," मिचील म्हणाला.

"तुम्हीच बोला. नोव्हेंबरात तळघर कोणासाठी भरलंत?"

मिचीलनं एका झेंडीला वळसा घातला.

"तुमच्यासाठी."

"मी जाणार हे माहीत असून?"

"तुम्ही राहता का, हे कळेपर्यंत थांबलो असतो... तर बर्फ कापायची वेळ गेली असती."

पलीकडच्या काठावर शहराची बस उभी होती. मिचीलनं तिची पेटी उतरवली, मग पहार घेऊन बर्फावर परत गेला, वाकून तडा बघितला, आणि येऊन फाटक ओढून लावलं. रस्ता बंद.

"अहो!" तुयारा म्हणाली. "गाव तर तिकडे राहिलं. तुम्ही कसे जाणार?"

"आता नाही जाता येणार. फाटक सगळ्यांसाठी असतं."

बसवाल्यानं भोंगा वाजवला. दुसऱ्यांदा वाजवला. तुयारानं त्याच्याकडे हात हलवला — निघा म्हणून. बस गेली. मिचील तिच्याकडे बघत राहिला, आणि त्या चेहऱ्यावर एवढे महिने गोठलेलं ते हसू... हे मला तुयारानं सांगितलं. सांगताना ती स्वतःच लाजली.

"तुझी जागा?" त्यानं विचारलं. 'तुमची' म्हणायचं विसरला.

"देतील कोणाला तरी. मला इथे उन्हाळ्याचं पाणी आहे."

बर्फ फुटून नदी वाहती होईपर्यंत दोघं त्याच काठावर त्याच्या आत्याकडे राहिले, वेगवेगळ्या खोल्यांत. निदान आत्या तसं सांगते. पहिल्या होडीनं ते परत आले. आता हिशोब सांगते. तुयारानं शहरातली जागा दिली. मिचीलनं गावात कमावलेला गप्प माणसाचा लौकिक घालवला; आता बोलायला लागला की थांबत नाही. मी काही दिलं नाही. उलट तुयाराच्या दारात बसून नोव्हेंबरातल्या बर्फाचा चहा जूनमध्ये प्यायले, आणि चहा गोड होता.

सगळ्यात जास्त दिलं वारवारानं. डॉक्टर पलीकडच्या काठावर, मध्ये नदी फुटलेली, आणि त्याच दिवसांत तिची उजवीकडची दाढ ठणकायला लागली.