भिंतीवर ऑटो नव्हता

हे खरं घडलंय. विश्वास ठेवायचा का नाही, ते तुमचं तुम्ही बघा. ज्याच्यासोबत घडलं तो प्रसेनजित माझा मावसभाऊ आहे, आणि त्याला खोटं बोलता येत नाही. आलं असतं तर आतापर्यंत नोकरी लागली असती.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. लोहारा तालुक्यातलं माकणी. वेळ... भर दुपारची.

भुतं रात्री येतात म्हणतात. पण त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची होती, आणि लाइट असल्याशिवाय आमच्याकडं काहीच होत नाही.

प्रसेनजित आणि श्रीनाथ, दोघं इंजिनिअर. एकाच बाकावर शिकले आणि एकाच कंपनीनं दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं. दोघांत मिळून एक कॉम्प्युटर, त्यात जुनं ग्राफिक्स कार्ड. गावातल्या लाइटीवर पंखासुद्धा डुलक्या घेत फिरायचा, म्हणून कॉम्प्युटर श्रीनाथच्या रानातल्या मोटारीच्या खोलीत ठेवलेला. पत्र्याची खोली. एका भिंतीला स्टार्टर, दुसऱ्या भिंतीला टेबल.

हैदराबादच्या एका कंपनीनं दोघांना मिळून एक काम दिलं होतं. ग्राफिक्स कार्डावर मॅट्रिक्सची मोठमोठी गणितं सोडवणारी एक लायब्ररी असते. ती आयती मिळते, पण आयती चालणार नव्हती. मूळ कोड उतरवायचा, आपल्याच मशीनवर बिल्ड करायचा, इन्स्टॉल करायचा आणि चाचण्या लावून निकाल पाठवायचा. रेडीमेड पँट नको, कापड आणून शिवून दाखवा, असला प्रकार.

जागा एकच होती. दोघांतला कोण, ते मुलाखतीत ठरणार होतं.

जुन्या मशीनवर असला बिल्ड दिवसभर चालतो. आणि रानातली लाइट दिवसभर राहत नाही.

श्रीनाथनं उपाय काढला. आपल्याकडं विहिरीवरच्या मोटारीला ऑटो असतो. लाइट आली की तो जरा वेळ थांबतो... मग टक् वाजतं, आणि मोटार आपोआप चालू. रानात जायला नको. श्रीनाथनं कॉम्प्युटरलाही तसाच ऑटो बसवला. लाइट आली, टक्, कॉम्प्युटर चालू, बिल्ड थांबला होता तिथून पुढं.

त्याला आणखी एक खोड होती. प्रोसेसरचे आठ कोर होते, म्हणजे कामाला आठ बैल म्हणा, पण बिल्डला तो सातच लावायचा. प्रसेनजित म्हणायचा, आठही लाव, लवकर उरकंल.

"एक चहाला जाऊ दे की," श्रीनाथ म्हणायचा. "बैलाला बी सुट्टी असती."

मार्चमध्ये विहिरीवरची मोटार अडकली. लाइट गेलेली होती. श्रीनाथनं केबलला हात घातला. ऑटो बंद करायचा राहिला.

लाइट आली...

प्रसेनजित लिंबाखाली बसला होता. त्याला फक्त टक् ऐकू आलं. बाकी कसलाच आवाज नाही.

श्रीनाथचे चुलते, व्यंकटआण्णा, यांनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही ऑटो भिंतीवरून उपटले आणि बांधावर नेऊन दगडानं ठेचले. भिंतीवर स्क्रूची भोकं तेवढी राहिली.

ही भोकं ध्यानात ठेवा.

मे महिन्यात कंपनीचा मेल आला. दोघांच्या नावानं. शुक्रवारपर्यंत निकाल पाठवा, सोमवारी मुलाखत.

मेल वाचून प्रसेनजितच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर जागा एकच आहे. त्याचा त्यालाच वीट आला. पण श्रीनाथ गेल्याचं त्यानं कळवलं नाही. मुलाखतीत सांगू म्हणाला.

खोलीची किल्ली श्रीनाथच्या आईकडं होती. कमलबाईंनी मुलाच्या मृत्यूचा दाखलासुद्धा अजून कुणाला काढू दिला नव्हता. कागदोपत्री श्रीनाथ ठणठणीत होता. त्यांनी पदराची गाठ सोडून किल्ली दिली.

"मशीन तुमचं दोघांचं हाय," त्या म्हणाल्या. "त्यानं अर्ध्यात ठेवलंय, तेवढं पुरं कर बाबा."

प्रसेनजितनं बिल्ड लावला. आठही कोर लावले. चहाला कुणी जाणार नव्हतं.

दुपारी लाइट गेली. खोलीला कुलूप घालून तो घरी जेवून आला. परत आला तेव्हा शेजारच्या रानातली मोटार सुरू झालेली. म्हणजे लाइट आली होती.

तो कुलपाजवळ उभा राहिला. किल्ली हातात.

आत शांतता...

मग आतून आवाज आला.

टक्.

प्रसेनजितच्या हातातली किल्ली खाली पडली. ती शोधून दार उघडेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

भिंतीवर ऑटो नव्हता. नुसती भोकं होती.

कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावरून बिल्डच्या ओळी सरकत होत्या... पण थांबला होता तिथून पुढं नाही. पहिल्यापासून.

त्यानं नीट वाचलं. आपलं कार्ड कोणतं, हे बिल्डच्या आधी लिहून द्यावं लागतं. प्रसेनजितनं ते कुठूनतरी जसंच्या तसं उचललं होतं आणि ते नव्या कार्डाचं निघालं होतं. तसंच राहिलं असतं तर लायब्ररी बिल्ड झाली असती, पण त्यांच्या कार्डानं तिला ओळखसुद्धा दाखवली नसती. आता तिथं त्यांच्या जुन्या कार्डाचं नाव होतं. बरोबर.

आणि काम चालू होतं सात कोरवर.

आठवा रिकामा होता.

त्यानं व्यंकटआण्णांना बोलावून आणलं. आण्णांनी भोकं बघितली. पडदा बघितला. बराच वेळ विचार केला.

"उंदीर असंल," ते म्हणाले.

"आण्णा, उंदराला कार्डाचं मॉडेल कसं काय कळलं?"

"इंजिनिअरच्या खोलीतला हाय न्हवं," आण्णा म्हणाले आणि चालायला लागले. जाताना मात्र त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते त्या बांधानं येईनात.

शुक्रवारी चाचण्या लागल्या. या लायब्ररीच्या चाचण्या म्हणजे कार्डाची मळणीच असते. पंखा किंचाळतो, खोली भट्टी होते. प्रसेनजित ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता.

एकेक चाचणी पास होत गेली.

थोड्या वेळानं त्याला जाणवलं... पंख्याचा आवाजच येत नाहीय.

त्यानं कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली. कार्डाचा पंखा थांबलेला. कार्डाला वीज देणारी जाड वायर सुटून लोंबत होती.

पडद्यावर पास. पास. पास.

त्यानं कार्डाला बोट लावलं.

मे महिना, वर पत्रा... आणि कार्ड माठासारखं गार.

कोणताही शहाणा माणूस तिथून पळाला असता. प्रसेनजितनं आधी निकाल मेल केला, मग पळाला. बेकार माणसाची भीती अशीच असते, तिलाही शेवटची तारीख असते.

सोमवारी तो परत त्याच खोलीत बसला. कंपनीला तेच मशीन चालताना बघायचं होतं. समोर पडद्यावर हर्षाली मॅडम होत्या, मूळच्या उमरग्याच्या, त्यामुळं बोलणं मराठीत. त्यांनी विचारलं, एवढी घाई असताना एक कोर रिकामा का ठेवला?

श्रीनाथ गेल्याचं सांगायची हीच वेळ होती, पण प्रसेनजित मेमरी कमी पडते वगैरे काहीतरी सांगायला लागला.

मॅडमनी हात वर केला. त्या त्याच्याकडं बघत नव्हत्या. त्याच्या खांद्यावरून मागं बघत होत्या.

"तुम्ही जरा थांबा. त्यांना बोलू द्या."

प्रसेनजित थांबला.

खोलीत कुणीच बोलत नव्हतं. बाहेर पाटाला पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता. मॅडम मान हलवत होत्या. मधेच काहीतरी लिहून घेत होत्या. मग त्या हसल्या.

"चहाला," त्या म्हणाल्या. "हे आवडलं मला."

प्रसेनजितनं मागं वळून बघितलं नाही. अजूनही तो सांगतो, तेवढी एकच गोष्ट त्या दिवशी आपण बरोबर केली.

निकाल आला. श्रीनाथ यांची निवड झाली होती. प्रसेनजितला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या.

त्यानं फोन लावला. सरळ सांगितलं, "मॅडम, श्रीनाथ मार्चमध्येच वारला."

पलीकडून मॅडमचा आवाज, गार पडलेला.

"प्रसेनजित, आपली निवड झाली नाही म्हणून मित्राबद्दल असं बोलू नये."

फोन बंद.

नोकरीसाठी श्रीनाथची कागदपत्रं गेली. कुणी पाठवली, विचारू नका. मृत्यूचा दाखलाच निघाला नव्हता, त्यामुळं त्यात खोट निघायचं कारणच नव्हतं. पगार श्रीनाथच्या आणि आईच्या जोडखात्यात पडायला लागला. कमलबाईंना वाटलं, सरकारची मदत आली. प्रसेनजितला खोटं बोलता येत नाही, हे मी आधीच सांगितलंय.

"काकू, श्रीनाथला नोकरी लागली," तो म्हणाला.

कमलबाई रडल्या नाहीत. दचकल्याही नाहीत. चुलीवरची भाकरी उलटली.

"जेवायला कवा येतो म्हणाला?"



एकदा संतापून त्यानं कॉम्प्युटरची वायरच उपटली. तासाभरात हर्षाली मॅडमचा फोन आला. श्रीनाथ सर मीटिंगमधून मधेच गेले, जरा लाइनचं बघता का? तिकडचं लाइनचं तुम्हीच बघता असं सर म्हणाले.

त्यानं वायर परत लावली. का लावली, तर दर महिन्याला कमलबाई खात्यात बघतात आणि पोरगं बरं आहे म्हणतात.

तेव्हापासून तो लाइनचं बघतो. फ्यूज उडाला की बदलतो. पत्रा गळतोय तिथं प्लास्टिकचा कागद घालतो. दुसरीकडं अर्ज करणं त्यानं सोडून दिलंय. इंजिनिअर झालेलं पोरगं, मेलेल्या माणसाचा वायरमन.

परवा दुपारी त्याचा मला फोन आला. उमरग्याच्या स्टँडवर उभा होता. मागं एसटीची घोषणा ऐकू येत होती. म्हणाला, इकडं चांगला ऑटो कुठं मिळतो?

मी म्हणालो, अरे, तो तर बिनऑटोचाच चालू होतोय. त्याला कशाला?

"त्याला न्हाय रे," प्रसेनजित म्हणाला. "मला. सकाळी उठूच वाटंना गेलंय."

मी हसलो. तो हसला नाही.

मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात फोनमधला स्टँडचा गोंगाट थांबला. एकदम. कुणीतरी झाकण घातल्यासारखा...

मग त्याच्या अगदी जवळून, खिशातून यावा तसा एक आवाज आला.

टक्.

"ठेवतो," प्रसेनजित म्हणाला. त्याचा आवाज सरळ होता, एकदम हुशारी आल्यासारखा. "लाइट आली."

तो माकणीपासून इतका लांब उभा होता. त्याला कसं कळलं?

मी विचारलं. पण फोनमधून फक्त त्याची पावलं ऐकू आली, एका ठेक्यात. तो चालायला लागला होता.