ओळखीचा श्वास

"मानवजातीच्या इतिहासातून फ्लू आजपासून हद्दपार!" मिरजेच्या सभागृहात मंत्र्यांनी जाहीर केलं. सपत्नीक सत्कार होता. कित्येक महिने प्रयोगशाळेतच मुक्काम ठोकलेल्या डॉ. हृषीकेश बिवलकरांशेजारी त्यांची बायको मृणाल येऊन उभी राहिली आणि तिला अशी शिंक आली, की हातातलं श्रीफळ मंत्र्यांच्याच पायावर पडलं. मग शिंकांची माळ, पाठोपाठ ताप. तिला घरी पाठवलं. रिकाम्या खुर्चीत तिचा फोटो ठेवून सत्कार उरकला. कुणीतरी सवयीने फोटोला हार घातला.

संध्याकाळी हृषीकेश स्वतःच्याच फाटकाबाहेर उभा होता. मृणाल ओसरीवर, सत्काराची शाल लपेटून.

"तुला फ्लू नाही झालेला," तो म्हणाला.

"मग हे काय, आनंदाश्रू?"

त्याने सांगून टाकलं. फ्लूचा विषाणू सारखा वेष बदलतो. जुनी लस त्याला ओळखत नाही. म्हणून हृषीकेशने विषाणूहूनही बारीक कण घडवले. त्यांना तो 'द्वारपाल' म्हणे. लशीतून ते फुप्फुसात जाऊन कायमचे राहत, विषाणू आला की जागच्या जागी औषध सोडत. शिवाय तो कुणाच्या श्वासाबरोबर आला, तेही लक्षात ठेवत. पुन्हा तोच श्वास जवळ आला, की विषाणूची वाट न बघता ताप चढवून सज्ज होत.

पहिली लस त्याने मृणाललाच टोचली होती. आणि त्यानंतर लगेच, प्रयोगशाळेत मुक्काम हलवण्याआधी, तिथून घरी फ्लू आणला होता, तोही त्यानेच.

"म्हणजे त्यांनी तुला बरोबर ओळखलंय. काढून टाक ते."

"निघत नाहीत. सत्कार त्याचाच होता."

"मग समजाव त्यांना. नवरा आहे म्हणावं."

"समजावणारे कण उंदरांना टोचून पाहिले. द्वारपालांनी गिळून टाकले."

"उंदरांना? म्हणजे तुला ठाऊक होतं."

हृषीकेशने सत्कारातला नारळ या हातातून त्या हातात घेतला. "वाटलं, माणसांत नाही होणार."

मृणालने शाल अंगाभोवती घट्ट ओढली. "बालवाडीतल्या पोरांना टोचणार आहात ना ही? सर्दी झाली म्हणून पोरांचे मुके घ्यायचं कोण थांबवतं रे? आई?"

कडेवर घेताच तापणारी लेकरं त्याच्या डोळ्यांपुढे आली. आणि दारातच थबकलेल्या आया.

"थांबव ती लस."

"सकाळीच टोचून झाली."

न राहवून त्याने फाटकाच्या आत पाऊल टाकलं. मृणाल शिंकली. त्याने पाऊल मागे घेतलं.

तिने शालीच्या टोकाला नाक पुसलं.

"जाताना कडी घाल फाटकाला. कुत्री शिरतात."